जॉन टिंडॉल : पाण्याच्या धारेतला उजेड



इंजिनिअरिंगला असताना आम्हाला ऑप्टिकल कम्युनिकेशनचा एक पेपर होता. त्याच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर इतिहास म्हणून तीन ओळी होत्या. त्यातली पहिली ओळ अशी, की 1854 साली जॉन टिंडॉल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला आणि फायबर ऑप्टिक्सचा शोध लावला. व्हायवाला हा प्रश्न हमखास यायचा. उत्तर दिलं की दोन मार्क पक्के. मीही दिलं, मार्क घेतले आणि टिंडॉलला विसरून गेलो.

पुढे नोकरीनिमित्त आयर्लंडला आलो. इथे कॉर्क शहरात, ली नदीच्या काठी जुन्या माल्ट-गिरणीच्या आवारात टिंडॉल नॅशनल इन्स्टिट्यूट नावाची मोठी संशोधन संस्था आहे. 2004 पासून ती या नावाने ओळखली जाते. फोटॉनिक्स, लेझर, नॅनोइलेक्ट्रॉनिक्स अशा विषयांवर तिथे काम चालतं. ते नाव वाचलं तेव्हा कुठे कळलं, की आमचा व्हायवावाला टिंडॉल मुळात इथला, आयरिश! मग थोडं वाचत गेलो आणि लक्षात आलं, की ते दोन मार्क मला चुकून मिळाले होते. नोट्समधला शोध त्याचा नव्हताच. आणि जो खरोखर त्याचा होता, त्याचा नोट्समध्ये पत्ता नव्हता.

म्हणून हा लेख.

टिंडॉलचा जन्म 2 ऑगस्ट 1820 चा, कार्लो काउंटीतल्या लॉक्लिनब्रिज गावचा. बॅरो नदीवर जुना दगडी पूल आणि पुलाशी पडक्या किल्ल्याचा बुरूज. (गावाच्या नावाचं स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका. डन लिअरीला पहिल्यांदा गेलेल्या मंडळींना हा धडा मिळालेला आहेच.) वडील पोलिसात साधे शिपाई. घर प्रॉटेस्टंट, तेही चांगलं कडवं. पण मुलगा गणित आणि भूमापन शिकला तो गावाजवळच्या शाळेत जॉन कॉनविल नावाच्या कॅथलिक मास्तरांकडे. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडे जातीच्या बाहेरच्या गुरूकडे मुलाला पाठवण्यासारखंच ते.

1839 साली त्याला ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये, म्हणजे सरकारी नकाशे करणाऱ्या खात्यात नोकरी लागली आणि 1842 मध्ये खात्याने त्याला इंग्लंडात प्रेस्टनला पाठवलं. आजच्या भाषेत ऑनसाइट! तिथे आयरिश लोकांना पगार कमी आणि वागणूक त्याहून वाईट. टिंडॉलने इतरांबरोबर लेखी तक्रारी केल्या आणि 1843 मध्ये त्याला कामावरून काढून टाकलं. पण त्याचं नशीब असं, की लगेच इंग्लंडात रेल्वेची लाट आली. जो तो रेल्वे कंपनी काढतोय, शेअर विकतोय आणि सगळ्यांनाच सर्व्हेअर हवेत. डॉटकॉमचे दिवस पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. लाट ओसरेपर्यंत टिंडॉलने रात्रंदिवस काम करून चार पैसे गाठीला बांधले.

त्या पैशांचं त्याने काय केलं, हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडलेलं पान आहे. 1847 मध्ये तो हॅम्पशायरमधल्या क्वीनवुड कॉलेजात शिकवायला लागला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड नावाचा रसायनशास्त्रज्ञ सहकारी भेटला. 1848 मध्ये दोघांनी बाडबिस्तरा बांधला आणि जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठ गाठलं. तिथे बुन्सेन शिकवत होता (हो, शाळेतल्या प्रयोगशाळेतला बर्नरवाला). टिंडॉल तेव्हा 28 वर्षांचा, पदवी नाही, पाठीशी कुणी नाही, आणि शिक्षण परक्या भाषेत. 1850 मध्ये तो डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. एवढं करून परत आल्यावर नोकरी? टोरांटोला अर्ज केला, नकार. सिडनीला केला, नकार. पुन्हा क्वीनवुडच्या वर्गात उभं राहून मुलांना शिकवणं आलं. परदेशातली डिग्री घेऊन घरी बसलेल्यांनी टिंडॉलची आठवण ठेवावी.

दार उघडलं ते 11 फेब्रुवारी 1853 ला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी व्याख्यानं होत. तिथे त्याला एकदा बोलावलं गेलं आणि त्या एका व्याख्यानाने श्रोते इतके खूश झाले, की काही महिन्यांत तो तिथे प्राध्यापक झाला. संस्थेचा कणा होता मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा फॅरेडे आणि पोलिसाचा मुलगा टिंडॉल यांचं अगदी बापलेकासारखं जमलं, ते फॅरेडेच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1867 पर्यंत.

आता तो व्हायवावाला प्रयोग. 1854 मध्ये टिंडॉलला पाण्याच्या धारांवर व्याख्यान द्यायचं होतं. डोळ्यांत भरेल असं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून फॅरेडेने हा प्रयोग सुचवला. पाण्याच्या टाकीला एका बाजूला भोक, समोरच्या बाजूला काच. काचेतून झगझगीत प्रकाश आत सोडायचा, असा की तो नेमका त्या भोकातून बाहेर पडावा. भोक उघडलं की पाण्याची धार कमान करून खाली पडते. प्रकाश सरळ जायला हवा, पण तो धारेबरोबर वळून खाली येतो! धारेच्या आतल्या पृष्ठभागावर तो इतका तिरका आपटतो, की बाहेर न पडता पुन्हा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. घरी करून बघायचं असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडा, पाणी भरा आणि पलीकडून लेझर पॉइंटर लावा. मुलं टाळ्या पिटतात. फक्त पॉइंटर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही हे बघा.

पण हाच प्रयोग जिनिव्हात डॅनिएल कोलाडॉनने 1841 मध्ये करून दाखवला होता आणि 1842 मध्ये छापलाही होता. पुढे तशा उजळलेल्या धारा पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर आल्या आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात कारंज्यांच्या रूपाने लाखो लोकांनी पाहिल्या. टिंडॉलने 1854 मध्ये कोलाडॉनचं नाव घेतलं नाही. माहीतच नसावं असं म्हणायला जागा आहे, कारण फसवणूक हा त्याचा स्वभाव नव्हता. उलट दुसऱ्याच्या श्रेयासाठी तो हिरिरीने भांडायचा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचं श्रेय रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरला मिळावं म्हणून त्याने 1862 पासून बड्याबड्या ब्रिटिश शास्त्रज्ञांशी वैर पत्करलं. अशा माणसाच्या नावावर नेमका दुसऱ्याचा प्रयोग चिकटावा, हा दैवदुर्विलासच. आणि मी तो दोन मार्कांसाठी आणखी घट्ट चिकटवला.

मधली वर्षं भराभर सांगतो, नाहीतर लेख संपायचा नाही. हिमनद्यांचा अभ्यास करायला तो आल्प्समध्ये गेला आणि गिर्यारोहणाच्या प्रेमात पडला. 19 ऑगस्ट 1861 ला वाइसहॉर्न हे 4500 मीटरहून उंच शिखर सर्वप्रथम सर करणाऱ्या तुकडीत तो होता. 1859 पासून त्याने वायू उष्णता कशी शोषतात हे मोजलं. ऑक्सिजन आणि नायट्रोजन ती जवळजवळ सगळी जाऊ देतात, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. आज हवामानबदलाच्या चर्चेत त्याचं नाव येतं ते यामुळे. (इथेही अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी 1856 मध्ये सूर्यप्रकाश वापरून अशाच दिशेचं निरीक्षण नोंदवलं होतं. बाईंची आठवण लोकांना फार उशिरा झाली.)

माझ्या मते त्याचं खरं काम 1868-69 च्या सुमाराचं. काचेची सुमारे तीन फूट लांब नळी. आतली हवा काढून टाकायची आणि विशिष्ट रसायनांची थोडी वाफ सोडायची. मग विजेच्या दिव्याचा झोत नळीतून पाठवायचा. प्रकाशाने वाफेचं विघटन होतं आणि त्यातून अतिसूक्ष्म कण तयार व्हायला लागतात. आधी काहीच दिसत नाही. मग अंधाऱ्या खोलीत त्या नळीत हळूहळू निळा रंग उगवतो, अगदी आकाशासारखा. कण वाढत गेले की निळा फिकट होतो आणि शेवटी नुसतं पांढरं धुकं उरतं. निळा असताना झोताशी काटकोनात उभं राहून पाहिलं, तर बाहेर पडणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो. आकाशाच्या निळाईचंही तसंच आहे. म्हणजे टिंडॉलने लंडनच्या तळघरात आकाश बनवलं!

शाळेत आपण टिंडॉल परिणाम शिकलो तो हा. दाट झाडीतून येणारी उन्हाची तिरीप, धुक्यातला गाडीच्या दिव्यांचा झोत. या वाटेवर फॅरेडे आधी चालून गेला होता. 1857 मध्ये त्याने सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तरंगवले, की पाणी माणकासारखं लाल दिसायला लागलं आणि त्यातून सोडलेला प्रकाशाचा शंकू बाजूने स्पष्ट दिसला. त्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने अजून जपून ठेवल्या आहेत. सोनं तेच, फक्त कण लहान केले की रंग बदलतो. नॅनो हा शब्द तेव्हा नव्हता, पण वस्तू तीच होती.

टिंडॉलचा समज होता, की खऱ्या आकाशातही असेच तरंगते कण असणार. रॅलेने 1871 मध्ये गणित मांडलं आणि 1899 मध्ये दाखवलं, की कण नसले तरी चालतं, हवेचे रेणूच ते काम करतात. पुढचा धागा आपल्या ओळखीचा आहे. 1921 मध्ये बोटीने भारतात परतताना सी. व्ही. रामन यांनी समुद्राच्या निळाईचा विचार केला आणि त्याबद्दल नेचरला लिहिलेलं पत्र बोट मुंबई बंदरात असताना पूर्ण केलं. त्यातूनच पुढे 1928 चा रामन परिणाम. आज रामन फायबर लेझर मिळतात, त्यांत काचेचे रेणूच प्रकाशाची तरंगलांबी बदलून देतात.

आता माझ्या आवडीचा भाग. पाण्याच्या धारेत प्रकाश आत कोंडून राहतो. निळ्या नळीत तो बाजूला उधळला जातो. फायबरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि एकमेकींच्या विरोधात असतात! काच कितीही शुद्ध करा, वितळलेली काच थिजताना तिच्यात रेणूंच्या पातळीवरचा कमीजास्तपणा राहतोच आणि त्यावरून प्रकाश उधळतो. तरंगलांबी जितकी लहान तितकी उधळण जास्त, आणि ती चौथ्या घाताने वाढते. 850 नॅनोमीटरचा प्रकाश 1550 च्या तुलनेत सुमारे 11 पट उधळतो आणि 400 चा जांभळा 225 पट. म्हणून तर समुद्राखालच्या केबल डोळ्यांना न दिसणाऱ्या 1550 च्या आसपास चालतात. तिथे चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला फक्त साडेचार टक्क्यांच्या आसपास प्रकाश हरवतो. हे मी टेलिकॉममध्ये काम करताना वर्षानुवर्षं कॉन्फिगरेशनमधला एक आकडा म्हणून बघत होतो. त्यामागे आकाश निळं असण्याचंच कारण आहे, हे कधी डोक्यात आलं नाही.

फायबर लेझरमध्ये हा झगडा आणखी रंगतो. लेझरसाठी फायबरच्या गाभ्यात एर्बियम किंवा यटर्बियमसारखे अणू मिसळतात. या अणूंना साध्या काचेपेक्षा वेगळा शेजार मिळावा म्हणून संशोधक ते नॅनोकणांत बसवून काचेत सोडतात. पण कण जरा मोठे झाले की टिंडॉलची नळी सुरू! उधळण कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. व्यास दुप्पट झाला तर एकेका कणावरून होणारी उधळण 64 पट. त्यामुळे सगळी कसरत कण काही नॅनोमीटरवर रोखून धरण्याची.

दुसरा उपयोग अगदी उलट्या गुणाचा. 2003 च्या सुमारास जपानमधल्या संशोधकांनी फायबर लेझरमध्ये कार्बन नॅनोट्यूबचा पातळ थर बसवला, 2009 मध्ये सिंगापूरमध्ये ग्राफीन वापरलं गेलं. असा थर मंद प्रकाश गिळतो, पण प्रखर प्रकाश जाऊ देतो. विरार लोकलच्या दारात एकटादुकटा चढायला गेला तर आतले लोक त्याला दारातच अडवतात, पण वीस जणांचा घोळका आला की आत घुसतोच, तसं. परिणाम असा, की लेझरमधला विखुरलेला प्रकाश गाळला जातो आणि सगळी शक्ती छोट्याछोट्या स्पंदनांत गोळा होते. एकेक स्पंदन काहीशे फेम्टोसेकंदांचं. सेकंदाचे एक अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, तो एक फेम्टोसेकंद.

परत टिंडॉलकडे येऊ. प्रकाशाच्या झोतात दिसणारी धूळ त्याला स्वस्थ बसू देईना. झोताखाली ज्योत धरली की झोतात काळे लोट दिसायचे. तो धूर नव्हता, धूळ जळून गेलेली स्वच्छ हवा होती. म्हणजे धूळ जळते, म्हणजे तिच्यात जैविक काहीतरी आहे. त्याने एक पेटी केली, आतल्या भिंतींना ग्लिसरीन फासलं आणि हवेतली सगळी धूळ त्याला चिकटेपर्यंत थांबला. झोत दिसेनासा झाला की हवा शुद्ध. अशा हवेत उकळलेला रस्सा महिनोन्महिने नासला नाही. मग एकदा प्रयोगशाळेत वाळलेल्या गवताची गंजी आली आणि सगळे प्रयोग बिघडले, रस्सा उकळूनही नासू लागला! गवतातल्या जंतूंचे बीजाणू उकळण्याला दाद देत नव्हते. 1877 मध्ये त्याने उपाय काढला. एकदाच खूप उकळण्याऐवजी थोडं उकळा, थांबा, बीजाणू रुजू द्या, पुन्हा उकळा. या पद्धतीला आजही त्याचंच नाव आहे. दूध आज तापवून उद्या पुन्हा तापवणाऱ्या आपल्या आज्यांना ही कल्पना नवी वाटली नसती.

1872-73 च्या हिवाळ्यात त्याने अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा केला. नफा झाला सुमारे तेरा हजार डॉलर. तो त्याने तिथेच, अमेरिकन विद्यार्थ्यांना विज्ञान संशोधनासाठी मदत म्हणून देऊन टाकला. 1874 मध्ये बेलफास्टच्या भाषणात विश्वाच्या उत्पत्तीबद्दल बोलण्याचा अधिकार धर्मसंस्थेचा नाही, विज्ञानाचा आहे असं त्याने जाहीरपणे मांडलं. त्यावर प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोघेही एकदम चिडले. आयर्लंडमध्ये या दोघांचं एकमत होणं सोपं नव्हतं! पुढे आयरिश स्वराज्याला त्याने कडाडून विरोध केला. प्रेस्टनमध्ये आयरिश म्हणून अन्याय सोसलेल्या माणसाने हे का करावं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

1876 मध्ये, 55 व्या वर्षी त्याने लुइसा हॅमिल्टनशी लग्न केलं. ती सरदार घराण्यातली, तिशीची. मूलबाळ झालं नाही, पण संसार गोडीचा होता. ती त्याच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवायची. आल्प्समध्ये बेलआल्पला दोघांनी घर बांधलं, दर उन्हाळ्यात तिथे जायचे. टिंडॉलला निद्रानाशाचा जुना त्रास होता. 1887 मध्ये तो निवृत्त झाला, तब्येत ढासळत गेली. रात्री झोपेसाठी क्लोरल आणि सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया, असं औषध चालायचं. 4 डिसेंबर 1893 च्या सकाळी लुइसाने त्याला मॅग्नेशिया म्हणून जे पाजलं ते क्लोरल होतं. चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली. डॉक्टर आले, दिवसभर प्रयत्न झाले. संध्याकाळी तो गेला.

लुइसा तेव्हा 48 वर्षांची. त्याचं चरित्र आपणच लिहायचं असं तिने ठरवलं. पत्रं गोळा केली, रोजनिशा उतरवून घेतल्या, तारखा जुळवल्या. 1911 मध्ये बेलआल्पला त्याच्या नावाचा दगडी स्तंभ उभारला. चरित्र मात्र पुरं होईना. लिहिलेलं तिला कधी पुरेसं वाटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती कागद द्यायला ती तयार नव्हती. ती 1940 मध्ये गेली, म्हणजे त्याच्यानंतर जवळजवळ 47 वर्षांनी. तोवर टिंडॉलला ओळखणारे बहुतेक सगळे गेले होते. तिने जमवलेल्या कागदांवरून ईव्ह आणि क्रीझी या दोघांनी लिहिलेलं चरित्र 1945 मध्ये प्रसिद्ध झालं.